दहापैकी एक

ऑलिम्पिक चार वर्षांतून एकदा येतं आणि बहुतेक वेळा नेमकं निंदणाच्या, म्हणजे खुरपणीच्या, दिवसांत येतं. हा योगायोग आमच्या घराखेरीज दुसऱ्या कोणाच्या ध्यानात राहिला असेल असं मला वाटत नाही. यंदाही ते आलं. वाशीमला मुलाच्या घरी मी दुपारची टीव्हीसमोर बसते, जिम्नॅस्टिक्स लागलं की आवाज बंद करते आणि बघते. सून विचारते, "आई, आवाज काहून बंद करता?" तिला वाटतं, सासूला त्यातलं इंग्रजी कळत नाही. वाटू दे. सासूबद्दल एवढा एक गैरसमज असला तर बिघडत नाही.

अरुंद लाकडावर त्या पोरी उड्या मारतात, उलट्या होतात, हवेत गिरकी घेतात. लोक त्यांच्या गिरक्या बघत असतील. मी त्यांचे पाय बघते, तेही शेवटचे, खाली उतरतानाचे. पाय जिथं टेकले तिथंच राहिले तर मला बरं वाटतं. एखादीचं पाऊल मागं सरकलं की मात्र मी उठून पाणी प्यायला जाते.

खिडकीतून पलीकडे एक सोयाबीनचं वावर दिसतं. त्यात माणूस दिसत नाही. पाठीवर पंप घेतलेला एकजण येतो, दोन तासांत तणावर औषध मारून निघून जातो. तण उभ्या उभ्या पिवळं पडतं. वावर स्वच्छ होतं हे खरं, पण त्याला निंदण म्हणायला माझी जीभ रेटत नाही. निंदण म्हणजे बाया. एका ओळीत वाकलेल्या दहा-बारा बाया, प्रत्येकीच्या हातात विळा, प्रत्येकीच्या वाट्याला पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या ओळींचे, दोन-दोन तास, आणि त्यांच्या बोलण्याचा एकसारखा आवाज, जो धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, ऐकला की वाटायचं वावरच काहीतरी पुटपुटतंय.

आम्ही शेलूबाजारचे. तेव्हा वाशीमला जिल्हा म्हणत नसत, आमचा जिल्हा अकोला. बाबा प्राथमिक शाळेत गुरुजी होते, आणि वस्तीत पगार घेणारी जी दोन-तीन माणसं होती त्यातले एक. शिवाय तीन एकर वावर होतं. त्यामुळे आम्ही धड नोकरदार नव्हतो आणि धड शेतकरीही नव्हतो. निंदणाला मजूर लावायची रीत वस्तीत नव्हती. रीत होती ती दिवसांची. आज सगळ्या बाया तुमच्या वावरात, उद्या सगळ्या आमच्या वावरात. तुमच्या घरची एक बाई आमच्याकडे आली की तिचा एक दिवस आमच्यावर चढला. तो आम्ही जाऊन फेडायचा. हे कुठं लिहून ठेवलेलं नसायचं, पण कोणाचा किती दिवस कोणावर आहे हे सगळ्यांना तोंडपाठ असायचं. दिवस बुडवणाऱ्या घराशी कोणी भांडत नसे. पुढच्या हंगामात त्या घरच्या वावरात कोणी येत नसे, एवढंच.

आणीबाणीचं ते साल. बाबा बाहेर फारसं बोलत नसत, घरातही मोजकंच बोलत. आषाढात आईला ताप भरला. ती बारा-पंधरा दिवस उठलीच नाही, आणि तेवढ्यात बाया येऊन आमचं वावर निंदून गेल्या. आजारी बाईचं वावर आधी, असं त्यांचं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांच्या त्या चांगुलपणाचे दिवस आमच्यावर चढत गेले. आई उठली तेव्हा घरात त्या दिवसांची तोंडी यादी तयारच होती. एकट्या आईच्यानं ती फिटणार नव्हती. दोघींतली एक पोरगी तिच्याबरोबर जायला हवी होती, आणि एक शाळेत. दोघी शाळेत हे जमणार नव्हतं.

दोघी म्हणजे मी आणि निमाताई. मी सातवीत, ती नववीत. मला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसायचं होतं म्हणून शाळा माझ्या वाट्याला आली आणि विळा तिच्या. तिनं कुरकुर केली नाही. शनिवारी सकाळची शाळा तेवढी मला सोडा, एवढंच तिनं मागितलं, आणि बाबांनी ते दिलं.

शनिवारी गावंडे सर असत. ते आमचे पी.टी.चे सर. अमरावतीला शिकून आलेले, आखूड, घट्ट अंगाचे. बोलताना कायम पायाच्या चवड्यांवर उभे राहत. मुलांसाठी त्यांनी मल्लखांब पुरला होता. मुलींसाठी काय करावं हे बरेच दिवस त्यांना सुचलं नाही. मग त्यांनी सुताराकडून बाभळीचा एक लांब नाट रंधून आणला, जेमतेम अर्धी वीत रुंद, आणि शाळेच्या मागं दगडांच्या दोन थरांवर कमरेएवढ्या उंचीला बसवला. खाली कुटार, म्हणजे भुसा, भरलेली पोती. त्या पोत्यांवर पडलं की अंगाला कुटार चिकटायचं आणि घरी गेल्यावर आईला न सांगता सगळं कळायचं.

सुरुवातीला सहा-सात मुली येत. निंदण लागलं तशा गळत गेल्या. उरली एकटी निमाताई. आणि मी, पण मी पोती सारखी करायला. मला त्या नाटावर नुसतं उभं राहिलं तरी भोवळ यायची.

तिला ते कसं येत होतं कोणास ठाऊक. लहानपणापासून ती वावराच्या धुऱ्यावर हातांवर चालायची. आई ओरडायची, "निमे, पोरीच्या जातीनं असे पाय आभाळाले लावू नाई." ही उलटी असतानाच म्हणायची, "मंग हात लावू का?" त्या नाटावर ती बाबांच्या जुन्या पायजम्याची कापून केलेली चड्डी घालून चढायची. चढली की तिचा चेहरा बदलायचा. घरात कोणी हाक मारली तर तीनदा मारावी लागे अशी ती पोरगी, तिथं मात्र तिचं सगळं ध्यान तळपायात जायचं. निंदून निंदून काळ्या झालेल्या त्या तळपायांना नाटाची कड डोळ्यांशिवाय दिसायची. ती मागच्या मागं कमान टाकायची, हात नाटावर, मग एक पाय, मग दुसरा, आणि पुन्हा उभी. मी खाली श्वास धरून. सर चवड्यांवर.

शेवटी सर खडूनं पाटीवर मार्क लिहायचे, दहापैकी. पाटी फक्त जिची तिला दाखवायचे आणि लगेच हातानं पुसून टाकायचे. ताईला मी वाटेत विचारायची, "किती?" ती म्हणायची, "देले काईतरी." मला त्याचा राग यायचा. आमच्या घरात मार्क लपवायची पद्धत नव्हती.

आमच्या घरात मार्कांचं काय होतं ते सांगितलं पाहिजे. पेपर मिळाला की तो बाबांपुढे ठेवायचा. पन्नासपैकी अठ्ठेचाळीस असले तरी बाबा अठ्ठेचाळिसांबद्दल बोलत नसत. ते चष्मा लावून विचारत, "दोन कुठी गेले?" मग ते दोन शोधायचे. सापडले, कसे गेले ते कळलं, की बाबांचं समाधान व्हायचं आणि ते पेपर परत द्यायचे. रागावत नसत, मारत तर कधीच नसत. पण गेलेला प्रत्येक मार्क त्यांना कुठंतरी टोचत राहायचा. त्यांच्या लहानपणी त्यांना वर्गात बसू देत नसत. वऱ्हांड्यात बसून, दारातून दिसेल तेवढा फळा बघून ते शिकले. एकदा गणिताचा सगळा पेपर त्यांनी बरोबर सोडवला आणि एक मार्क कमी मिळाला. का, म्हणून विचारलं तर मास्तर म्हणाले, "तुम्हाले पैकीच्या पैकी देत नसतात." बाबांनी हे आम्हाला एकदाच सांगितलं, भाकर मोडता मोडता, जसं एखादा गावाचा रस्ता सांगावा तसं. पण त्यानंतर "कुठी गेले?" हा प्रश्न मला पूर्वीसारखा ऐकू येईना.

श्रावण लागायच्या सुमारास सर घरी आले. अमरावतीला दीड महिन्याचं शिबिर होतं. राहणं, जेवण सगळं तिथंच. तिथून निवडलेल्या मुलींना पुढे शिकवणार होते. सर बाबांना म्हणाले, "गुरुजी, पोरीच्या अंगात हाय थे. म्या शिकोलं म्हणून नाही. मी त नुसता नाट ठेवला." बाबांनी कागद ठेवून घेतला. विचार करतो म्हणाले.

आणि त्यांनी खरंच विचार केला. हे मला आवर्जून लिहायचं आहे, कारण नातवंडांना मी ही गोष्ट सांगायला लागले की ती लगेच बाबांना दुष्ट करून टाकतात. बाबांनी अमरावतीला असलेल्या एका ओळखीच्या गुरुजींना पत्र टाकून मुलींची राहायची सोय कशी आहे ते विचारलं. आईला दोनदा म्हणाले, "पाठवून पाहू काय?" आई म्हणाली, "अन् दिवस?" बाबा म्हणाले, "बेबी जाईन तुह्यासंगं."

बेबी म्हणजे मी.

मी ते ऐकलं तेव्हा चुलीपाशी भांडी घासत होते. आजही राखेचा खरखरीत वास आला की तो क्षण जसाच्या तसा उभा राहतो. ताई अमरावतीला जाणार, सर तिचं कौतुक करणार, आणि मी कुंद्याचं तण उपटत वाकून बसणार. शिष्यवृत्तीचा तास बुडणार. मी तिच्यावर प्रेम करत होते, यात खोटं काही नाही. पण त्या दिवशी माझ्या मनात तिच्याबद्दल जे आलं तेही खोटं नव्हतं.

त्याच आठवड्यात ऑलिम्पिक चालू होतं. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. एका मोकळ्या तासाला गावंडे सर वर्तमानपत्र घेऊन आमच्या सातवीच्या वर्गात आले. त्यांचे डोळे चमकत होते. म्हणाले, कुठल्या कुठं, सातासमुद्रापलीकडं, चौदा वर्षांच्या एका पोरीला जिम्नॅस्टिक्समध्ये दहापैकी दहा मिळाले. आजवर तिथं कोणाला मिळाले नव्हते. मार्क दाखवायच्या फलकावर दहा लिहायची सोयच नव्हती, कारण फलक करणाऱ्याला वाटलंच नव्हतं की कोणाला दहा मिळतील. म्हणून फलकावर आला नुसता एक, मग बिंदू, मग दोन शून्यं. सरांनी ते फळ्यावर लिहून दाखवलं: १.००. "लोकायले समजेच ना. मंग सांगतलं, हे दहा हायेत." मग ते माझ्याकडं वळले. "बेबे, हे दोन शनिवार मी शाळेत नाही. तुह्या बयनीले सांगजो आज घरी गेल्यावर."

मी मान हलवली आणि घरी जाऊन सांगितलं नाही.

विसरले, असं पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. ताई वावरातून आली, पायाचा चिखल धूत बसली, मला म्हणाली, "आज काय शिकोलं?" मी म्हणाले, "काई नाई."

मग आठ-दहा दिवसांनी आईनं बाजारातून गूळ आणला. वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेला. ताईनं गूळ डब्यात काढला आणि कागद चुलीत टाकता टाकता थांबली. त्यावर फोटो होता. एक किडकिडीत पोरगी, दोन्ही हात वर केलेले, तोंडभर हसत, आणि शेजारी फलक. खालचा मजकूर फाटून गेला होता. फोटोवर गुळाचे दोन डाग पडून कागद तिथं आरपार दिसत होता.

तिनं तो बाबांपुढे नेला. पेपर कधी इतक्या आनंदानं नेला नसेल. "बाबा, हे पाहा. पोरीच करतात हे. मायाएवढीच असन."

बाबांनी चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "कितीपैकी असते?"

"दहापैकी. आमचे सर बी दहापैकीच देतात."

"एक," बाबा म्हणाले. त्यांनी फलकावर बोट ठेवलं. "एक पूर्णांक शून्य शून्य. दहापैकी एक."

ताईनं कागद जवळ ओढून पाहिला. तिनं फलक तोवर पाहिलाच नसावा. ती फक्त त्या पोरीकडंच बघत होती. जरा वेळानं म्हणाली, "मंग हासून काहून राह्यली थे?"

"तिले अजून समजलं नसन," बाबा म्हणाले. फार हळू म्हणाले.

मी समोरच बसले होते. मांडीवर शिष्यवृत्तीचं पुस्तक उघडं होतं. मी वर पाहिलं नाही. एक वाक्य बोलायचं होतं, आठ-दहा शब्दांचं. ते माझ्या तोंडात तयार होतं आणि मी पान उलटलं.

इतकी वर्षं मला प्रश्न पडत आला की बाबांना शंका कशी आली नाही. ते गुरुजी होते. एक मार्क मिळालेल्या पोरीचा फोटो कोण कशाला छापेल? पण दुसऱ्या कोणाच्या बापाला जे विचित्र वाटलं असतं ते माझ्या बापाला वाटलं नाही. चांगलं करून हसत उभं राहिलेलं पोर आणि त्याच्या शेजारी कमी मार्क, हे चित्र त्यांनी आतून पाहिलेलं होतं. त्यात समजावून सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही. ते आईला एवढंच म्हणाले, "इतक्या दुरून गेलेल्या पोरीले एक देतात. आपल्या पोरीले काय देतीन?"

पुढच्या रविवारी सर उत्तर घ्यायला आले. बाबांनी त्यांना फोटोचं सांगितलं नाही. ज्या माणसानं घरी येऊन आपल्या पोरीचं कौतुक केलं त्याच्या तोंडावर त्याच्या खेळात मार्क देत नाहीत असं म्हणणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी दिवसांचं कारण पुढं केलं. तेही खोटं नव्हतं. "सर, आमच्यावर लोकायचे दिवस हायेत. बायको बिमार होती त लोकायनं वावर निंदून देलं. थे फेडल्याशिवाय पोरीले कशी धाडू?"

सर आमच्याच भागातले होते. दुसरं काहीही कारण असतं तर ते भांडले असते, दहाचं सांगितलं असतं, बोलण्यात फोटोही निघाला असता. "दिवस असले त मंग काय बोलावं," असं म्हणून त्यांनी चहा संपवला. मी पाण्याचा गिलास घेऊन दारात उभी होते. जाताना त्यांनी मला विचारलं, "सांगतलं का बयनीले?"

मी होकारार्थी मान हलवली. ती मान मी अजून हलवते आहे.

दिवाळीच्या आधी सरांची बदली झाली. नाट काही दिवस तसाच दगडांवर राहिला, मग कोणीतरी तो पाण्याच्या टाकीखाली टेकू म्हणून लावला. त्या हंगामात ताईनं लोकांचे सगळे दिवस फेडले. एकदा संध्याकाळी बाया पुढं निघून गेल्यावर ती धुऱ्यावर मागं राहिली. मी तिला बोलवायला गेले होते. तिनं विळा खाली ठेवला, हात टेकले, पाय वर केले आणि चार-पाच पावलं हातांवर चालली. मग उतरली, पदरासारखी ओढणी खोचली, विळा उचलला. मी पऱ्हाटीत बसून राहिले. ती गेल्यावर उठले.

मला शिष्यवृत्ती मिळाली. बाबांनी विचारलं, "बाकीचे कुठी गेले?" आणि आम्ही दोघांनी मिळून शोधले. मी अकोल्याला वसतिगृहात राहिले, शिकले, मास्तरीण झाले. गणित शिकवायला मिळालं. पस्तीस वर्षं मी पोरांना दशांश चिन्ह शिकवलं. बिंदू इकडचा तिकडं सरकला की एकाचे दहा होतात आणि दहाचा एक होतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिलं आणि दरवर्षी ते लिहिताना माझी पाठ वर्गाकडं असायची हे बरंच व्हायचं. शाळेत माझं नाव कडक म्हणून होतं. मी रागावत नव्हते, शिकवता शिकवता मधेच थांबायची आणि पोरांना तो राग वाटायचा.

निमाताई मॅट्रिकला बसली नाही. तिला केनवडला दिली. घर चांगलं होतं, माणूस शांत होता, वावर होतं, म्हणजे निंदण होतं. मी सुट्टीत जायची तेव्हा ती वावरातच असायची. लांबून ओळीत कोणती ताई ते मला लगेच कळायचं, कारण बाकीच्या बाया उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या आणि ही नुसती उठायची. मग एका वर्षी तीही गुडघ्यावर हात ठेवून उठली. मी ते पाहिलं. बाबा शेवटच्या आजारात एकदा तिला वाकून चालताना बघून म्हणाले, "हे पोरगी हातावर चालत होती." तेव्हा तरी सांगायचं. पण तेव्हा बाबांना ते सोसलं असतं का, असा मोठा विचार करून मी पुन्हा गप्प राहिले. गप्प राहायला मला कारणं कधी कमी पडली नाहीत. बाबा गेले ते तो एक मार्क मनात घेऊन गेले.

ताईला जाऊन आता तीन पावसाळे झाले. पोटाचं दुखणं होतं, वाशीमला, अकोल्याला दाखवून झालं होतं. शेवटचं मी तिला भेटले ती दुपार होती, निंदणाचेच दिवस. तिची सून वावरात गेली होती, पलीकडं कोणाचा तरी फवारणीचा पंप घरघरत होता. ताई बाजेवर पडलेली. पाय चादरीबाहेर. मी नातवाकडून मोबाईलमध्ये तो फोटो काढून घेतला होता. या वेळी अख्खा, मजकुरासकट, गुळाच्या डागांशिवाय.

"ताई, हे ओळखते का?"

तिनं मोबाईल लांब धरला, मग जवळ घेतला. "गुळाच्या पुडीवरची."

इतक्या वर्षांनी तिनं एका क्षणात ओळखली. मी जे घरून ठरवून आणलं होतं ते सगळं विसरले. नुसतं म्हणाले, "थे एक नव्हते, ताई. दहा होते. त्या फलकावर दहा मावत नव्हते. मले माहीत होतं. सरानं मले सांगतलं होतं, तुले सांगाले. म्या नाही सांगतलं."

ती माझ्याकडं बघत नव्हती. त्या पोरीकडं बघत होती. मी वाट बघत होते की ती काहीतरी बोलेल, मला काहीतरी म्हणेल. एवढी शिकलेली, एवढी पेन्शन खाणारी मी, तिच्या बाजेपाशी जमिनीवर बसून मार खायच्या पोरासारखी वाट बघत होते.

"दहा," ती म्हणाली. "पैकीच्या पैकी?"

"पैकीच्या पैकी."

"म्हणून हासून राह्यली होती थे."

तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सुटल्यासारखं झालं. इतकी वर्षं तो प्रश्न तिच्याजवळ तसाच होता तर. माझ्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तेव्हाही नाही आणि नंतर फोनवरही नाही. मला ती शिक्षा होती की माफी, ते मला कधी कळलं नाही, आणि आता विचारायला कोणी नाही.

तिनं मोबाईल छातीवर ठेवला. मग म्हणाली, "मले एक डाव सरानं साडेनऊ देले होते. पाटीवर लेहून दाखोले अन् पुसून टाकले."

मला हे माहीत नव्हतं. "घरी काहून नाही सांगतलं?"

"बाबानं इचारलं असतं, अर्धा कुठी गेला."

मी तिच्या पायांकडं पाहिलं. टाचा फुटून काळ्या पडलेल्या, बोटं वाकडी झालेली. तीही त्यांच्याकडंच बघत होती.

"उतरताना एक पाऊल मांगं सरकलं होतं मायं," ती म्हणाली. "थो तिथं गेला."

आणि तिनं पाय चादरीत ओढून घेतले.